अकस्मात मृत्यू आणि घराण्याचा वारसा
(रक्तवाहिनीच्या फुग्याविषयी थोडेसे)

एक घाऊक धान्य व्यापारी, सुरत

आपल्या बाजारात कोणी गृहस्थ अकस्मात दिवंगत झाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेढ्यांचे दरवाजे अर्धे लोटलेले दिसतात, उठमण्याची वेळ पाटीवर लागते, आणि चार माणसे एकत्र आली की एकच वाक्य कानी पडते : "काल संध्याकाळपर्यंत गादीवर बसले होते हो, हार्ट फेल झाले!" हे 'हार्ट फेल' म्हणजे आपल्या खतावणीतील 'किरकोळ' या खात्यासारखे आहे. जी रक्कम कोठे टाकावी हे मुनिमास कळत नाही, ती तेथे टाकावयाची. परंतु हिशेबनीस चोख असेल तर वर्षअखेर तो किरकोळ खाते उघडून पाहतोच. आणि पाहिले म्हणजे त्यात निरनिराळ्या जातीच्या रकमा सापडतात. तद्वत् या अकस्मात मृत्यूंच्या खात्यातही हृदयविकाराचा झटका असतो, मेंदूतील रक्तस्राव असतो, आणि आणखी एक असा विकार असतो की ज्याचे नाव आपल्या मंडळींच्या कानावर क्वचितच येते. डॉक्टर लोक त्यास 'ॲन्युरिझम' म्हणतात. मराठी ग्रंथांत त्यास 'रोहिणीविस्फार' असे म्हटले आहे. रोहिणी म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त वाहून नेणारी वाहिनी. तिच्या भिंतीला एखाद्या जागी फुगा येणे, हा तो विकार.

विषय वैद्यकीचा आणि लेखक धान्याचा, तेव्हा हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचक करतील. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु गेल्या काही वर्षांत हा विषय आमच्या घरी न बोलावता आला, आणि त्या निमित्ताने डॉक्टरांपुढे बसून जे ऐकले व पुढे जे वाचले, ते आपल्या बांधवांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ही लेखणी हाती घेतली आहे. या विकाराचा एक मोठा भाग घराण्यातून चालत येतो. आणि घराण्याची माहिती आपणा व्यापाऱ्यांइतकी दुसऱ्या कोणापाशी असेल!

फुगा म्हणजे काय?

तागाची गोणी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. शंभर गोण्यांच्या थप्पीत एखादी अशी निघते की जिची वीण एका जागी विरळ आहे. धान्य भरले की तेथे तिचे पोट बाहेर येते. पोट आले म्हणजे त्या जागचे धागे अधिक ताणतात, ताणले म्हणजे आणखी विरळ होतात, आणि एके दिवशी हमालाच्या पाठीवरच ती गोणी फाटते. हमाल तर रोजच्यासारखाच चालत असतो. दोष त्याच्या चालीचा नसतो, विणीचा असतो.

शरीरातही असेच घडते. फरक इतकाच की गोणी गुदामात स्वस्थ पडून राहू शकते. रक्तवाहिनीस विसावा नाही. हृदय दिवसाकाठी सुमारे १,००,००० वेळा ठोका देते आणि प्रत्येक ठोक्याला रक्ताची लाट भिंतीवर आदळते. भिंत निरोगी असेल तर ती किंचित ताणून पुन्हा मूळपदावर येते. एखाद्या जागी ती दुबळी असेल तर मात्र ती ताणलेलीच राहते व हळूहळू फुगा धरते. हा फुगा बहुधा तीन ठिकाणी आढळतो : छातीतील महारोहिणीत, पोटातील महारोहिणीत, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या लहान रोहिण्यांच्या फाट्यांवर.

आपल्या पूर्वजांना याची अगदीच कल्पना नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'सिराज ग्रंथी' सांगितली असून, दुर्बल मनुष्याने अतिश्रम केल्याने ती होते, आणि मोठी, न दुखणारी, न हलणारी व मर्मस्थानी आलेली असेल तर वैद्याने तिच्या वाटेस जाऊ नये, असे तेथे म्हटले आहे. ते वर्णन याच विकाराचे असावे, असे कित्येक अभ्यासकांचे मत आहे.

भिंतीची घडण

महारोहिणीची भिंत तीन पदरी असते. आतला पदर गुळगुळीत व पातळ. बाहेरचा पदर चिवट. आणि मधला पदर हाच खरा आधार. या मधल्या पदरात दोन प्रकारचे धागे असतात. एक 'इलॅस्टिन', हा रबरासारखा ताणतो व परत येतो. दुसरा 'कोलॅजेन', हा सुतळीसारखा बळकट असतो आणि मर्यादेबाहेर ताण जाऊ देत नाही. या धाग्यांच्या मध्ये स्नायूंच्या सूक्ष्म पेशी बसलेल्या असतात. धागे तयार करणे, डागडुजी करणे, आणि प्रत्येक लाटेचा ताण ओळखून भिंत घट्ट अथवा सैल करणे, हे त्यांचे काम.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. इलॅस्टिनचा बहुतेक साठा मनुष्यास गर्भात व बालपणी मिळतो; प्रौढपणी तो नव्याने जवळजवळ तयार होत नाही. म्हणजे हे वडिलोपार्जित भांडवल आहे, आणि जन्मभर त्यातूनच खर्च करावयाचा आहे. कोलॅजेन मात्र सतत मोडत व नव्याने बनत असते. मोडण्याचे काम करणारी जी द्रव्ये आहेत त्यांना 'मेटॅलोप्रोटिनेज' असे लांबलचक नाव आहे. मोडणे आणि बांधणे यांची जमाखर्चाची तोंडमिळवणी होत राहिली तर भिंत शाबूत राहते. धूम्रपान, वाढलेला रक्तदाब अथवा भिंतीतील दाह यांमुळे मोडण्याची बाजू वाढली, स्नायूंच्या पेशी मरू लागल्या, की भिंत विरळ होऊ लागते.

आणि एकदा फुगा आला की तो स्वतःच स्वतःला वाढवितो. याचे कारण लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात आहे. नळीतील दाब तोच राहिला, तरी नळीची रुंदी दुप्पट झाली की तिच्या भिंतीवरचा ताण दुप्पट होतो. शिवाय रुंद होताना भिंत पातळ होते, ती हानी निराळीच. म्हणून लहान फुगा वर्षानुवर्षे जवळजवळ तसाच राहतो, आणि मोठा फुगा झपाट्याने मोठा होतो. कर्जावर चक्रवाढ व्याज चढते, तसाच हा प्रकार.

एका अक्षराचा फेर

आता घराण्याच्या गोष्टीकडे वळू. काना-मात्रा न देता लिहावयाच्या महाजनी लिपीची ती जुनी गोष्ट आपल्या मंडळीत सर्वांस ठाऊक आहे. गावाहून पत्र आले, "काकाजी अजमेर गये". वाचणाऱ्याने वाचले, "काकाजी आज मर गये". आणि घरात रडारड सुरू झाली. शरीराच्या पोथीतही असे होते. आपल्या प्रत्येक पेशीत २३ जोड्या गुणसूत्रांच्या असतात, आणि त्यांवर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर लिहिलेला असतो. यांतील जनुक म्हणजे एकेक वस्तू कशी बनवावी याची एकेक वर्दी. त्या वर्दीतील एक अक्षर फिरले, तर कारखान्यातून माल निघतो, पण दोषाचा निघतो.

१५व्या गुणसूत्रावर 'फायब्रिलिन' नावाच्या द्रव्याचे जनुक आहे. हे फायब्रिलिन म्हणजे इलॅस्टिनचे धागे जागेवर धरून ठेवणारा सांगाडा. या जनुकात दोष असला म्हणजे जो रोग होतो त्यास, १८९६ साली त्याचे प्रथम वर्णन करणाऱ्या फ्रेंच वैद्याच्या नावावरून, 'मार्फान' म्हणतात. जनुकाचा दोष हेच त्याचे मूळ, हे १९९१ साली सिद्ध झाले. सुमारे ५,००० माणसांमागे एकास तो असतो. अशी माणसे बहुधा ताडमाड उंच, सडपातळ, लांब हातापायांची व लांब बोटांची असतात. कित्येकांच्या छातीचे हाड आत अथवा बाहेर आलेले असते. डोळ्यातील भिंग जागेवरून सरकलेले असते. बाहेरून दिसणारी ही चिन्हे निरुपद्रवी वाटतात, पण आत महारोहिणीचा मूळभाग, जेथे ती हृदयातून निघते तो, हळूहळू रुंदावत असतो.

पूर्वी शास्त्रज्ञ समजत की सांगाडा कच्चा, म्हणून भिंत कच्ची, बस, इतकेच. पुढे असे दिसून आले की फायब्रिलिनचे आणखी एक काम आहे. 'टीजीएफ-बीटा' नावाचा एक रासायनिक निरोप्या आहे, तो पेशींना वाढ व मोडतोड यांचे हुकूम देतो. फायब्रिलिन त्याला बांधून ठेवण्यास साहाय्य करते. ते दोषी असले की हा निरोप्या मोकळा सुटतो, आणि पेशींच्या कामकाजात घोटाळा माजून भिंतीची मोडतोड वाढते. २००५ साली असेही एक कुळ-विकार वर्णिले गेले की ज्यात फायब्रिलिन ठीक असते, परंतु हा निरोप घेणाऱ्या दारातच दोष असतो. त्यास 'लोइस-डीट्झ' म्हणतात. आणखी एका विकारात कोलॅजेनच्याच एका जातीच्या जनुकात दोष असतो, तर आणखी एकात स्नायूपेशी आकुंचन पावतात त्या द्रव्याच्या जनुकात. म्हणजे सांगाडा, सुतळी, निरोप्या अथवा डागडुजी करणारा कामगार, यांपैकी कोणीही एक बिघडला तरी अखेर भिंत त्याच एका रीतीने फुगते.

हे दोष वारशाने कसे उतरतात, तेही सांगणे अगत्याचे आहे, कारण याबाबत आपल्या घरांतून फार गैरसमज आहेत. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक पित्याकडून व एक मातेकडून. वर सांगितलेल्या विकारांत बहुधा एकच प्रत दोषी असली तरी पुरते. म्हणून पित्यास अथवा मातेस हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. मुलगा असो की मुलगी असो, भेद नाही. पहिल्या अपत्यास आला म्हणून दुसरे सुटले असेही नाही; प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. मार्फानच्या सुमारे चौथा हिस्सा रोग्यांत तर हा दोष आईबापांत नसताना नव्यानेच उद्भवतो. तेव्हा घरात असे काही निघाले म्हणजे सुनेच्या माहेराकडे बोट दाखविण्याची जी आपली रीत आहे, तिला शास्त्रात मुळीच आधार नाही.

फ्लो हायमन आणि तिचा भाऊ

अमेरिकेत फ्लो हायमन नावाची व्हॉलीबॉलची जगप्रसिद्ध खेळाडू होती. १९८४च्या ऑलिंपिकमध्ये तिच्या संघास रौप्यपदक मिळाले होते. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर बसली, ती कोसळलीच. वय अवघे ३१. प्रथम सर्वांची समजूत हृदयविकाराची झाली. परंतु शवचिकित्सेत महारोहिणी फाटल्याचे आढळले. मूळ कारण मार्फान. तिची असामान्य उंची सर्वांनी वाखाणली होती, पण ती उंची कशाची खूण आहे हे कोणासही उमगले नव्हते. मृत्यूचे खरे कारण कळल्यामुळे तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच विकार आढळला, आणि त्याच्यावर वेळीच शस्त्रक्रिया झाली. बहिणीच्या मृत्यूची नोंद जर 'हार्ट फेल' अशीच राहिली असती, तर काय झाले असते?

असाच प्रसंग आमच्या घरीही आला. आमचे धाकटे बंधू वयाच्या ४१व्या वर्षी रात्री जेवणानंतर छातीपाठीत कळ येऊन दोन तासांत गेले. ते घरात सर्वांत उंच; 'नारळाचे झाड' असे लोक कौतुकाने म्हणत. दाखल्यावर जे लिहावयाचे ते लिहिले गेले. पुढे त्यांचे चिरंजीव मोठे झाले, रिंग रोडवरील कापड बाजारात स्वतःच्या पायावर उभे राहिले, आणि २७व्या वर्षी चष्म्याचा नंबर काढण्यास गेले असता नेत्रवैद्याने भिंग सरकलेले पाहून त्यांना हृदयाच्या सोनोग्राफीस पाठविले. महारोहिणीचा मूळभाग ५.१ सेंटिमीटर रुंद निघाला. तज्ज्ञ डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "वडील कशाने गेले?" आमच्या वहिनींना, आमच्या वृद्ध मातोश्रींना, कोणालाच निश्चित उत्तर देता येईना.

त्यानंतर घरातील सर्वांची तपासणी झाली. पुतणी त्या वेळी २२ वर्षांची. तिलाही तोच दोष, पण रुंदी ४ सेंटिमीटर. आता घरात वाद उत्पन्न झाला. दोन्ही मुलांची लग्ने व्हावयाची होती. कित्येक वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले की शस्त्रक्रिया गावाबाहेर करावी आणि ही गोष्ट चार भिंतींत ठेवावी. वहिनी मात्र म्हणाल्या, "ज्यांनी मला फसविले नाही, त्यांच्या मुलांसाठी मी दुसऱ्याच्या मुलीला फसवणार नाही." तोच निर्णय झाला. पुतण्याचे स्थळ चालू होते त्या मंडळींना डॉक्टरांचे कागद दाखविले. त्यांनी आठ दिवसांनी नम्रपणे नकार कळविला. तो त्यांचा अधिकार होता, आणि त्या घराशी आमचा व्यवहार व स्नेह आजही आहे. शस्त्रक्रिया ठरवून, शांतपणे पार पडली. पुढे दुसऱ्या एका घराने सर्व जाणून संबंध केला. पुतणी औषधे घेते, दरवर्षी मोजमाप करविते. तिच्या सासरचेही सर्व जाणतात, आणि बाळंतपणात अशा स्त्रीस विशेष धोका असतो म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून तेथे पाऊल टाकावयाचे नाही, असे ठरलेले आहे.

१९७२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मार्फानच्या रोग्यांचे मृत्युसमयीचे सरासरी वय ३२ आढळले होते. आज वेळीच निदान, औषधे आणि योग्य वेळी शस्त्रक्रिया यांमुळे हीच माणसे जवळजवळ इतरांइतके आयुष्य जगतात. मात्र त्यासाठी रोग आहे हे आधी कळावे लागते.

मेंदूतील आणि पोटातील फुगे

मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे असते. इंग्लंडच्या थॉमस विलिस याने ते आपल्या ग्रंथात दाखविले, ते साल १६६४. म्हणजे ज्या वर्षी शिवछत्रपतींची स्वारी आपल्या सुरतेवर आली आणि वीरजी व्होरांच्या वखारी रित्या झाल्या, तेच वर्ष. या कड्याच्या फाट्यांवर बोरासारखे लहान फुगे येतात. शंभर प्रौढांमागे सुमारे तिघांना असा एखादा फुगा असतो, आणि त्यांतील बहुतेकांचा फुगा कधीच फुटत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. उगाच घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु फुटला, तर सुमारे एक तृतीयांश रोगी दगावतात. स्त्रियांत हे फुगे पुरुषांपेक्षा अधिक आढळतात.

यात एकाच जनुकाचा दोष क्वचित असतो. मूत्रपिंडात असंख्य गळवांसारख्या पाण्याच्या पिशव्या होण्याचा जो वंशपरंपरागत विकार आहे, त्याच्या दर दहा रोग्यांमागे सुमारे एकास मेंदूत फुगा आढळतो. बाकीच्यांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. २००८ साली असे आढळले की ९व्या गुणसूत्रावरील एक जागा, जी हृदयविकाराशी संबंधित म्हणून आधीच ठाऊक होती, तीच मेंदूतील व पोटातील फुग्यांशीही निगडित आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मेंदूतील फुग्यांशी निगडित अशा १७ जागा दाखविल्या गेल्या. आणि त्याच अभ्यासात रक्तदाब व धूम्रपान यांचा हातही स्पष्ट झाला. जुगारात जशी एक-एक कवडी पडते, तसे हे लहान लहान दोष एकत्र येतात. परंतु पट मांडतात ते बिडी आणि रक्तदाबच.

पोटातील महारोहिणी सुमारे २ सेंटिमीटर रुंद असते. ती ३ सेंटिमीटर झाली की फुगा म्हणतात, पुरुषांत ५.५ सेंटिमीटर झाली की शस्त्रक्रियेचा विचार होतो, स्त्रियांत त्याहून थोडा आधी. हा विकार विशेषतः साठी उलटलेल्या, धूम्रपान केलेल्या पुरुषांचा. पण सख्ख्या नात्यात कोणास असेल तर धोका वाढतो. इंग्लंडात पुरुषास ६५वे वर्ष लागले की सरकार एकदा पोटाची सोनोग्राफी करविते. थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांस हाच विकार होता. १९४८ साली डॉ. निसेन यांनी त्यांचे पोट उघडून त्या फुग्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्या काळी दुसरा उपायच नव्हता. सहा वर्षांहून अधिक काळ निघाला. १८ एप्रिल १९५५ रोजी तो फुगा फुटून त्यांचे देहावसान झाले.

सुरतेचे कापड आणि शरीरातील नळी

आता उपायांविषयी. वाचून आपल्या कापड व्यापारी बंधूंस नवल वाटेल, पण या रोगावरचा मोठा उपाय त्यांच्याच दुकानात जन्मला आहे! अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी डॉ. मायकेल डीबेकी नावाचे शस्त्रवैद्य होते. १९५०च्या दशकात ते महारोहिणीच्या फुगलेल्या भागाऐवजी बसविण्यासारखी नळी शोधत होते. ते एका दुकानात नायलॉन घ्यावयास गेले. नायलॉन संपले होते. दुकानदाराने 'डॅक्रॉन' नावाचे नवे कापड दाखविले. त्यांनी ते घरी आणले आणि पत्नीच्या शिलाई यंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. म्हणजे ज्या धाग्यावर आज आपल्या सुरतेच्या कापड बाजाराचा संसार चालतो, त्याच जातीचा धागा. हे कापड शरीरास सोसते, आणि वर्षानुवर्षे टिकते. डीबेकी स्वतः ९७ वर्षांचे असताना त्यांचीच महारोहिणी आतून चिरली, आणि २००६ साली त्यांनीच रूढ केलेल्या पद्धतीने त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ते २००८ साली, शंभरी गाठण्यास दोन महिने उरले असता, निवर्तले. आमच्या पुतण्याच्या छातीतही आज अशीच पॉलिएस्टरची नळी आहे, आणि बाहेर तो पॉलिएस्टरच्याच साड्या विकतो.

मेंदूतील फुग्याच्या मानेस चिमटा लावून तो बंद करण्याची क्रिया १९३७ साली डॉ. डँडी यांनी प्रथम केली. १९९०च्या सुमारास मांडीतील रोहिणीतून बारीक तार नेऊन फुग्यात मऊ धातूच्या वेटोळ्या भरण्याची युक्ती निघाली. तसेच पोटातील महारोहिणीत आतूनच जाळीदार नळी बसविण्याची शस्त्रक्रिया त्याच वर्षी अर्जेंटिनात डॉ. पारोडी यांनी केली. आता आपल्या देशातील मोठ्या शहरांतून या सर्व क्रिया होतात.

पाच समवाय

नामकर्माच्या योगे देहाची घडण होते आणि संहननानुसार त्याचे बळ कमीअधिक असते, हे आपण व्याख्यानांतून ऐकतो. जनुक म्हणजेच कर्म, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तो अधिकार पूज्य साधुभगवंतांचा. परंतु कोणतेही कार्य एका कारणाने होत नाही, काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ या पाचांच्या समवायाने होते, ही आपल्या आचार्यांची शिकवण या रोगास किती लागू पडते ते पाहा. वयाने इलॅस्टिनचे भांडवल झिजते, तो काल. फाट्यावर लाट अधिक जोराने आदळते, तो स्वभाव. नाणे कोणत्या अपत्यास कोणत्या बाजूने पडले, ती नियती. आईबापांकडून पोथी जशी आली, ते पूर्वकृत. पण बिडी ओढणे न ओढणे, रक्तदाब मोजणे न मोजणे, तपासणीस जाणे न जाणे, हा सर्वस्वी पुरुषार्थ. चार कारणे आपल्या हाती नाहीत म्हणून पाचवे सोडून देणे, हे आपल्या धर्मात बसत नाही.

सभासद बांधवांस विनंती

पहिली गोष्ट, बिडी-सिगारेट ज्यांना असेल त्यांनी आजच सोडावी. फुगा होण्यास, वाढण्यास व फुटण्यास तिच्याइतके साहाय्य दुसरे कोणी करीत नाही. दुसरी, चाळिशीनंतर रक्तदाब नियमाने मोजावा आणि औषध सुरू असेल तर मनाने बंद करू नये. अठ्ठाई, मासक्षमण, वर्षीतप करणाऱ्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून औषधाच्या वेळा बसवून घ्याव्यात. कित्येक औषधे एकाएकी सोडल्यास रक्तदाब उसळतो. तिसरी, साठी उलटलेल्या व पूर्वी धूम्रपान केलेल्या बांधवांनी पोटाची सोनोग्राफी एकदा अवश्य करावी. तिला ना सुई ना वेदना. चौथी, सख्ख्या नात्यात दोघांना मेंदूतील फुगा झाला असेल, अथवा कोणी तरुणपणी छातीपाठीत कळ येऊन गेला असेल, तर बाकीच्यांनी तज्ज्ञांकडे जावे. पाचवी, फुगा असलेल्याने जड ओझी उचलू नयेत. आणि 'सिप्रोफ्लॉक्सासिन' जातीची जंतुनाशके दुकानातून परस्पर घेऊ नयेत. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ साली याविषयी इशारा दिला आहे. सहावी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी विजेसारखी एका क्षणात उठली, अथवा छातीत वा पाठीत फाडल्यासारखी कळ आली, तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नये; १०८ला फोन करावा.

शेवटची विनंती आमच्या मनाची. दिवाळीत चोपडापूजन करताना आपण पहिल्या पानावर श्री काढतो आणि जुन्या वर्षाची बाकी नव्यावर ओढतो. या वर्षी घरातील वृद्ध मातांना व आत्यांना जवळ बसवून एका वहीत तीन पिढ्यांची नावे लिहावीत. कोण कोणत्या वर्षी, कशाने व कसा गेला, कोणाचे भिंग सरकले होते, कोणाला मूत्रपिंडाचा विकार होता, ते ज्याला जसे आठवेल तसे टिपावे. नक्की ठाऊक नसेल तेथे 'हार्ट फेल' न लिहिता जागा कोरी ठेवावी. ही वही मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी दोन्ही घरांनी एकमेकांस दाखवावी, आणि डॉक्टरांनी विचारले की पुढे करावी. आपल्या पेढीवर शंभर वर्षांपूर्वीच्या उधारीचा कागद सापडतो, मग सख्ख्या भावाच्या मृत्यूचे कारण का सापडू नये? महाजनांनी हे काम मनावर घेतले, आणि या स्मरणिकेच्या पुढील अंकापर्यंत शंभर घरांतून जरी अशा वह्या झाल्या, तरी त्यांतून एखाद्या तरुणाचा जीव वाचेल असा आमचा विश्वास आहे.

लिहिताना काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.